चार डबे आणि एक दुखण्याची गोळी

खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ४१ आहे. गेल्या जुलैत जुलाब-उलट्या होऊन दोन दिवस सलाईन लावावी लागली आणि तेव्हापासून पोट पूर्वीसारखे राहिलेले नाही. जेवण झाले की पोट फुगते, दिवसातून तीन-चार वेळा शौचास जावे लागते आणि वर्गावर असताना मध्येच उठावे लागेल या धास्तीने ते सकाळी काही खातच नाहीत. एका परिचितांनी ‘आतड्याचे अस्तर झिजले आहे’ असे सांगून चार डबे सुचवले: ग्लुटामिनची पावडर, कोलॅजेनची पावडर, प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणि झिंक-कार्नोसिन. महिन्याचा खर्च साडेचार हजारांच्या घरात जातो. यांतले कोणते घ्यावे, किती दिवस घ्यावे आणि सत्तरीतल्या मधुमेही आईलाही द्यावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. अगदी शेवटी, जाता जाता, त्यांनी आणखी एक वाक्य लिहिले आहे: मोटारसायकलवरून रोज चाळीस किलोमीटर ये-जा असल्यामुळे कंबर धरते आणि त्यासाठी आठवड्यातून चार-पाच वेळा दुखण्याची गोळी घेतो.

मी बेळगावात पोटाचे रुग्ण तपासू लागल्याला पंचवीसहून अधिक वर्षे झाली, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या मजकुरातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते शेवटचेच आहे. चार डब्यांविषयी मी पुढे सविस्तर लिहिणारच आहे. पण त्याआधी अस्तर म्हणजे काय आणि ते कशाने बिघडते हे पाहिल्याशिवाय डब्यांचा हिशेब लागणार नाही.

आतड्याचे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर असतो आणि त्याची जाडी माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. हे अस्तर उलगडून पसरले तर टेनिसच्या मैदानाएवढे होईल, असे आम्ही विद्यार्थी असताना पाठ केले होते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ साली नव्याने मोजमाप करून जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंतचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाएवढे, असल्याचे दाखवले. पेशी एकमेकींना शिवणीसारख्या जोडांनी धरून ठेवलेल्या असतात आणि वर बुळबुळीत श्लेष्माचा लेप असतो. या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत शेणाने सारवलेली जमीन असे, ती दर आठ दिवसांनी पुन्हा सारवली जाई. आतड्याचे सारवण त्याहून लवकर होते आणि कोणी न सांगता होते. म्हणूनच अस्तर महिनोन्महिने ‘झिजलेले’ राहत असेल, तर त्या सारवलेल्या जमिनीवरून रोज कोणीतरी खाट ओढत आहे असा माझा पहिला संशय असतो. खाट ओढणे चालू ठेवून सारवणात काय मिसळावे याची चर्चा करण्यात फारसा अर्थ नसतो.

‘लीकी गट’, म्हणजे गळके आतडे, हा शब्द आता कानावर सारखा पडतो, तेव्हा त्याबद्दलही स्पष्ट सांगतो. पेशींमधले जोड सैल पडून आतड्याची पारगम्यता, म्हणजे आतले पदार्थ अस्तरातून पलीकडे झिरपण्याचे प्रमाण, वाढते, ही खरी गोष्ट आहे. सीलियाक आजारात (यात गव्हातल्या ग्लुटेनने अस्तराला इजा होते), आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या क्रोन्स आजारात, जंतुसंसर्गानंतर आणि दुखण्याच्या गोळ्यांमुळे ती वाढलेली आढळते. मात्र केवळ ‘लीकी गट’ या नावाचा स्वतंत्र आजार वैद्यकशास्त्राने मान्य केलेला नाही, आणि थकवा, केस गळणे, सांधेदुखी, विसराळूपणा असे सगळे त्याच्याच माथी मारले जाते त्याला आधार नाही. पारगम्यता मोजण्याची लॅक्टुलोज-मॅनिटॉल चाचणी संशोधनात वापरतात, दवाखान्यात सहसा नाही. पेशींमधले जोड सैल करणाऱ्या ‘झोन्युलिन’ या प्रथिनाची जी तपासणी पाकिटात घालून विकली जाते, तिचे किट नेमके काय मोजतात याविषयीच शास्त्रज्ञांनी शंका घेतलेली आहे. त्यावर पैसे घालवू नयेत.

आता ती गोळी. डायक्लोफिनॅक, ॲसेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या औषधांनी जठराला व्रण होतो हे बहुतेकांना ठाऊक असते आणि म्हणून मेडिकलवाला सोबत ॲसिडिटीची गोळी देतो. या जोडगोळीने माणूस निर्धास्त होतो, आणि घोटाळा तिथेच आहे. ॲसिडिटीची गोळी जठर आणि त्यालगतचा भाग सांभाळते; त्याच्या पुढे जे कित्येक फूट लांबीचे लहान आतडे आहे, त्याला तिचा उपयोग होत नाही. ही दुखण्याची औषधे अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स कमी करतात, पेशींच्या ऊर्जाकेंद्रांना थेट इजा करतात आणि त्यांतली काही यकृतातून पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरत असल्यामुळे तेच अस्तर परत परत त्यांच्या तडाख्यात सापडते. निरोगी माणसातसुद्धा काही दिवसांच्या गोळ्यांनी पारगम्यता वाढते, हे प्रयोगांत दिसलेले आहे.

काही वर्षांपूर्वी निपाणीकडचे एक वयस्क शेतकरी माझ्याकडे आले होते. तक्रार हीच: गुबारा धरतो, पातळ होते, अंगात रक्त राहत नाही. काय काय औषधे घेता, असे विचारल्यावर त्यांनी ठामपणे काही नाही म्हणून सांगितले. तपासून झाल्यावर त्यांनी तंबाखूसाठी कमरेची चंची सोडली, तेव्हा सुपारीच्या खांडांमध्ये दुखण्याच्या गोळ्यांची एक पट्टी दिसली. कात्रीने दोन-दोन गोळ्यांचे तुकडे केलेली, कडा बोटाला टोचू नयेत म्हणून नीट दुमडलेली. “हे औषध न्हवं डॉक्टर, हे कामाला जायाचं हाय,” असे ते म्हणाले. तंबाखूच्या खुडणीच्या दिवसांत रोज दोन, असे सात-आठ वर्षे चालले होते. त्यांचे हिमोग्लोबिन आठच्या खाली गेले होते. गोळ्या थांबवल्या, लोह दिले, आणि तीन महिन्यांत पोटही सुधारले आणि रक्तही वाढले. तेव्हापासून मी ‘औषध कोणते घेता’ असे विचारत नाही, ‘कामाला जाण्यासाठी काय घेता’ असे विचारतो. आपल्या भागात ऊस, तंबाखू आणि मोटारसायकल या तिन्हींमुळे या प्रश्नाचे उत्तर क्वचितच ‘काही नाही’ असे येते.

प्रश्नकर्त्यांनी म्हणूनच पहिली गोष्ट करावी ती ही की चार आठवडे ही गोळी पूर्ण बंद ठेवावी. कंबरेसाठी पॅरासिटामॉल, शेक आणि फिजिओथेरपीचे व्यायाम यांवर निभावते का ते आपल्या डॉक्टरांशी बोलून पाहावे. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये. तो निर्णय वेगळा आहे.

दुसरा धागा जुलैतल्या आजाराचा आहे. जंतुसंसर्गाने झालेल्या जुलाबांनंतर साधारण दहातल्या एका माणसाचे पोट पुढे कित्येक महिने चिडके राहते. मराठी रुग्ण त्याला गुबारा म्हणतात, कन्नड बोलणारे होट्टे उब्बर म्हणतात, आणि आमच्या भाषेत तो संसर्गोत्तर आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडके आतडे) असतो. तो बहुधा हळूहळू निवळतो. त्यातच दुसरी एक साधी गोष्ट दडलेली असू शकते: जुलाबांत अस्तराचा वरचा भाग सोलला गेला की दूध पचवणारे लॅक्टेज काही काळ कमी पडते. शिक्षकांच्या खोलीतला पाच वेळचा दुधाळ चहा आणि घरी आलेला कुंदा यांनी पोट फुगत असेल, तर त्याला कोणताही डबा लागू पडणार नाही. दोन आठवडे दूध, खवा आणि पेढे बंद करून पाहावे. ताक आणि नीट विरजलेले दही बहुतेकांना सोसते.

परंतु हे सारे मी गृहीत धरून लिहितो आहे, आणि रुग्ण न पाहता लिहिताना एवढे कबूल केलेच पाहिजे की पुढील गोष्टींपैकी एक जरी असली तरी माझे वरचे सगळे विवेचन बाजूला ठेवावे. वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, रात्री झोपेतून उठून जावे लागत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, रक्त कमी असेल किंवा पोटात गोळा फिरून मग गुडगुड आवाज करीत विरतो असे होत असेल, तर डबे नकोत, तपासणी हवी. ‘गोळा फिरतो’ हे शब्द ऐकले की मी आतड्याच्या क्षयाचा विचार करतो, कारण क्षयाने लहान आतड्याचा शेवटचा भाग अरुंद होतो आणि तिथे वायू अडून गोळा उठतो. आपल्या देशात हा आजार अजून भरपूर आहे. अशा रुग्णाने ‘अस्तर भरून यावे’ म्हणून सहा महिने पावडरी घेत बसणे ही मी पाहिलेल्या चुकांपैकी सर्वांत महागडी चूक आहे.

यांतले काही नसले तरी सहा महिन्यांहून जुन्या तक्रारीसाठी काही साध्या तपासण्या कराव्यात: रक्ताची संपूर्ण तपासणी, थायरॉइड, साखर, बी-१२, शौचाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, आतड्याची सूज दाखवणारे शौचातले कॅल्प्रोटेक्टिन आणि सीलियाकसाठी टीटीजी-आयजीए. कॅल्प्रोटेक्टिन सर्वसाधारणपणे ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असावे. मात्र दुखण्याच्या गोळ्यांनीही ते वाढते, तेव्हा गोळी थांबवून काही आठवड्यांनी केलेली तपासणी अधिक विश्वासार्ह ठरते. सीलियाक आपल्या भाकरी-भाताच्या मुलखात उत्तर भारताच्या मानाने कमी दिसतो, पण दिसतो. गहू आधीच सोडून मग ही तपासणी केली तर ती खोटी चांगली येते, म्हणून तपासणीपूर्वी चपाती बंद करू नये.

आता डब्यांकडे वळतो, आणि सर्वांत दखल घेण्याजोगा डबा ग्लुटामिनचा असल्यामुळे त्याच्यापासून सुरुवात करतो. ग्लुटामिन हे एक अमिनो आम्ल असून लहान आतड्याच्या पेशी ते इंधन म्हणून जाळतात. डाळी, दूध, अंडी यांतून ते मिळते आणि शरीर स्वतःही तयार करते. अमेरिकेत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०६ रुग्णांना आठ आठवडे दिवसातून तीनदा पाच-पाच ग्रॅम ग्लुटामिन किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी पावडर दिली गेली. ग्लुटामिन घेणाऱ्यांत सुमारे ८० टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात सुमारे ६ टक्क्यांना ठळक आराम पडला. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण त्या अभ्यासात कोणाला घेतले होते ते वाचावे: जंतुसंसर्गानंतर जुलाबप्रधान आयबीएस झालेले आणि चाचणीत पारगम्यता वाढलेली सिद्ध झालेले असेच रुग्ण. शिवाय एवढा मोठा फरक एकाच अभ्यासात दिसला, तर तो आणखी मोठ्या अभ्यासांत टिकतो का याची मी वाट पाहतो. प्रश्नकर्त्यांची हकीकत या रुग्णांशी बरीच जुळते, म्हणून त्यांच्या बाबतीत मी ग्लुटामिनला नाही म्हणणार नाही. मात्र गोळी थांबवून चार आठवडे झाल्यावर, त्याच मात्रेत, आठ आठवड्यांपुरते, आणि फरक न पडल्यास तिथेच बंद. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते घेऊ नये. नैसर्गिक वस्तू जास्त घेतली तर बिघडते काय, असे विचारणाऱ्यांना मी २०१३ सालच्या एका मोठ्या अभ्यासाची आठवण करून देतो: अतिदक्षता विभागातल्या, अनेक अवयव निकामी होत असलेल्या रुग्णांना मोठ्या मात्रेत ग्लुटामिन दिल्यावर मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले होते.

झिंक-कार्नोसिन हे जस्ताचे एक संयुग जपानमध्ये जठराच्या व्रणावरचे औषध म्हणून वापरले जाते. इंग्लंडमधल्या एका छोट्या प्रयोगात दहा निरोगी स्वयंसेवकांना पाच दिवस इंडोमेथॅसिन ही दुखण्याची गोळी दिली, तेव्हा आतड्याची पारगम्यता तिपटीने वाढली. सोबत दिवसातून दोनदा ३७.५ मिलिग्रॅम झिंक-कार्नोसिन दिल्यावर ती तशी वाढली नाही. प्रयोग चांगला आहे, पण माणसे दहा आणि दिवस पाच. ज्यांना दुखण्याची गोळी टाळणेच शक्य नाही अशा एखाद्या संधिवाताच्या रुग्णात मी याचा विचार करतो. ज्यांना ती थांबवता येते त्यांनी गोळीही घ्यायची आणि तिच्यावरचा उताराही घ्यायचा, यात दुहेरी खर्च आहे. जस्त दीर्घकाळ जास्त पोटात गेले तर तांबे कमी पडते आणि त्यातून रक्तक्षय व हातापायांना बधिरता येऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकांचे शोषणही जस्तामुळे कमी होते. लहान मुलांच्या जुलाबांत दहा ते चौदा दिवस देतात त्या जस्ताची गोष्ट निराळी. ते सिद्ध झालेले आहे आणि ते द्यावेच.

प्रोबायोटिकच्या बाबतीत जात महत्त्वाची. डब्यावर ‘दहा प्रकारचे अब्जावधी जंतू’ असे लिहिलेले असते, पण अभ्यास विशिष्ट वाणांवर झालेले असतात आणि एका वाणाचा गुण दुसऱ्याला चिकटवता येत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सगळा पुरावा तपासून आयबीएससाठी प्रोबायोटिकची शिफारस अभ्यासाबाहेर केली नाही. प्रतिजैविके चालू असताना होणारे जुलाब टाळण्यासाठी काही वाणांचा उपयोग होतो, तेवढ्यापुरते मी लिहून देतो. घरचे ताक हे शास्त्रीय अर्थाने प्रोबायोटिक नाही, कारण त्यात कोणते जंतू किती हे कोणी मोजलेले नसते. ते मी पिण्यास सांगतो ते अन्न म्हणून.

कोलॅजेनचा डबा बंद करावा. ते पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखेच तुकडे होऊन शोषले जाते, थेट अस्तरावर जाऊन बसत नाही, आणि माणसांच्या आतड्याचे अस्तर त्याने सुधारते असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. बहुधा चौघांत सर्वांत महाग तेच असेल.

जो पाचवा डबा त्यांना कोणी सुचवला नाही, तो मात्र मी सुचवतो: इसबगोल. त्यात विकणाऱ्याला फारसा नफा नाही, हेच बहुधा त्याचे दुर्दैव आहे. आयबीएसमध्ये विरघळणाऱ्या तंतूंचा (फायबरचा) उपयोग अभ्यासांत दिसलेला आहे, आणि इसबगोलाची गंमत अशी की ते घट्ट शौच मऊ करते आणि पातळ शौच बांधते. माझ्या टेबलावर एक काचेचा ग्लास कायम असतो. रुग्णासमोर पाण्यात चमचाभर भुसा टाकतो आणि बोलत बसतो. दहा मिनिटांत तळाशी पांढरट, थरथरता गोळा तयार होतो, आणि मग अपुऱ्या पाण्यासोबत हे घेतले तर काय होईल ते वेगळे सांगावे लागत नाही. सुरुवात रात्री एका लहान चमच्याने करावी, पूर्ण ग्लासभर पाण्यातून लगेच प्यावे, आठवड्याने दोन चमचे करावेत आणि इतर औषधांमध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळा फिरत असेल तर घेऊ नये; कारण वर आलेच आहे.

मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन ब्युटिरेट हे असते आणि ते आपण खाल्लेल्या तंतूंपासून तिथले जंतू तयार करतात. दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तंतू पोटात जावेत अशी अपेक्षा असते. जोंधळ्याच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम, नाचणीत ११, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तीनहून कमी तंतू असतात. म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या आणि वाटीभर मटकीची उसळ यांतच निम्मा हिशेब भागतो. खानापूरच्या बाजूला भातावर भर अधिक असल्यामुळे तिथल्या रुग्णांना मी रात्रीच्या एका भाताच्या जागी नाचणीची भाकरी किंवा ताकातली आंबील सुचवतो. मात्र चिडक्या पोटावर एकदम उसळींचा मारा करू नये; आधी इसबगोल आणि भाकरी, मग मुगाची डाळ, आणि मटकी-हरभरा महिन्याभराने. संकेश्वरी मिरचीचा खर्डा अस्तर जाळतो असे सरसकट म्हणता येत नाही, पण आयबीएस असलेल्या पोटाला तिखटाची कळ लवकर लागते, तेव्हा तोही काही दिवस बाजूला राहू द्यावा. पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे. दर वर्षी नवा संसर्ग झाला तर या सगळ्या मेहनतीवर पाणीच फिरते.

क्रम असा राहील. चारही आठवडे दुखण्याची गोळी बंद; त्यांतले पहिले दोन आठवडे दूधही बंद, आणि कॅल्प्रोटेक्टिन सोडून बाकीच्या तपासण्या करून घेणे; कॅल्प्रोटेक्टिन चौथ्या आठवड्यात. तिसऱ्या आठवड्यापासून इसबगोल. चौथ्या आठवड्याच्या शेवटीही दिवसातून तीनदा जावे लागत असेल आणि तपासण्या नीट आल्या असतील, तर ग्लुटामिन. इसबगोलापासून पुढे एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी आणि वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात: किती वेळा, कसे, काय खाल्ले. चार डबे एकाच दिवशी फोडणाऱ्या माणसाला बरे वाटले तरी कशाने ते कळत नाही, आणि मग तो चौघांनाही जन्मभर पोसत राहतो.

डब्यांच्या वेष्टनाबद्दल एवढेच, की ही पूरके अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली अन्न म्हणून विकली जातात, औषध म्हणून नाही. ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ हे शब्द आणि चौदा आकडी परवाना क्रमांक त्यावर असायला हवा. परवाना आहे याचा अर्थ आजार बरा करते हे कोणी तपासले आहे, असा होत नाही.

राहिला आईंचा प्रश्न. त्यांना यांतला एकही डबा देऊ नये. सत्तरीतल्या मधुमेही व्यक्तीची मूत्रपिंडे किती सक्षम आहेत ते आधी क्रिएटिनिन तपासून पाहावे लागते, आणि ग्लुटामिनसारख्या पावडरी तिथे अंदाजाने देता येत नाहीत. त्या कोणत्या गोळ्या घेतात ते प्रश्नात लिहिलेले नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ कमी झालेले असण्याची शक्यता चांगलीच असते, ॲसिडिटीची रोजची गोळी सोबत असेल तर अधिकच. आणि मेटफॉर्मिनने स्वतःच पातळ शौच होऊ शकते. आईंचे बी-१२ आणि क्रिएटिनिन आपल्या तपासणीच्या दिवशीच करून घ्यावे, आणि त्यांच्या उशाशी, पिशवीत किंवा चंचीत दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी आहे का, तेही एकदा पाहावे.